मंगोलियाला निघालेली वरात

दर सोमवारी माझ्या फोनवर मंगोलिया येतो. म्हणजे एक ईमेल येतो. मंगोलियाच्या अभ्यासात जगभर कुठे काय चाललंय, ते सगळं त्यात असतं. कुठे परिषद भरणार आहे, कुठे निबंध मागवलेत, कुठल्या ग्रंथालयात बसून जुनी हस्तलिखितं चाळायला शिष्यवृत्ती मिळते, भाषेचे वर्ग कधी सुरू होणार, वगैरे. घरात लग्नाचा मुलगा असलेली माणसं वधू-वर मेळाव्याची पुस्तिका वाचतात तसा मी तो वाचतो. प्रत्येक स्थळ आपल्याचसाठी आहे असं वाटतं, आणि पत्रिका कुठेच जुळत नाही.

मी तिरोड्याला एका कॉलेजात इतिहास शिकवतो. मंगोलांचं प्रकरण अभ्यासक्रमात जेमतेम आठवडाभराचं आहे. मी ते महिनाभर ताणतो. विद्यार्थी तक्रार करत नाहीत, कारण माझा महिना धानाच्या रोवणीच्या दिवसांत येतो आणि वर्गात विद्यार्थीच नसतात. वीजकेंद्राची चिमणी ज्या खिडकीतून दिसते तिच्याशेजारी उभं राहून वीसेक वर्षं मी घोडदळं दौडवत आलोय. ज्या गवताळ मैदानावरून ती दौडतात ते मात्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं.

संधी मी सोडत नाही, हा माझा गुण. संधीला वेळेवर पोचत नाही, हा दुसरा. एकदा तिकडच्या तंबूंसाठी लोकर कशी ठोकतात यावर ऑनलाइन व्याख्यान होतं. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. मी ते मागे धरलं. व्याख्यान संपून बराच वेळ झाल्यावर मी हजर झालो आणि रिकाम्या पडद्यासमोर वही-पेन घेऊन अर्धा तास बसलो. बायकोनं चहा आणून ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे मौन पाळून राहिले काय?"

तर अशा माझ्यासमोर दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, ते स्थळ आलं. मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला, जुलैत तीन आठवड्यांची उन्हाळी शाळा. दोन आठवडे शहरात व्याख्यानं आणि जुने कागद, तिसरा आठवडा मैदानावर, मेंढपाळ कुटुंबांबरोबर. जाणं-येणं, राहणं, सगळं त्यांच्याकडे. अट एकच होती, वय पन्नासच्या आत हवं. मला डिसेंबरात पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा गेलो तर गेलो, नाहीतर उरलेली नोकरी त्या चिमणीकडे बघत घोडे दौडवायचे.

अर्जात एक प्रश्न होता: घोडेस्वारीचा अनुभव नाही, थोडा, की बराच? मी विचार केला. आयुष्यात एकदा मी घोड्यावर बसलो होतो, हे खरं होतं. फेटा बांधून, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. मी "थोडा" वर खूण केली आणि अर्ज धाडून दिला.

बायकोला हे कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अर्धी वरात तर तुमी उतरून पायी चालले होते. माझ्या भावानं सांगतलं होतं मले."

मुलाखत व्हिडिओवर झाली. पलीकडे शाळेच्या प्रमुख बाई होत्या. पिकलेले केस, जाड चष्मा, आणि चेहरा असा गंभीर की माझं इंग्रजी आपोआप सरळ चालू लागलं. माझ्या निबंधांविषयी विचारून झाल्यावर त्या घोड्यांवर आल्या. घोडा कुठल्या जातीचा होता? मी म्हटलं, पांढरा. जमीन कशी होती? सपाट, राइसमिलजवळ थोडा चढ. एकटे होतात की सोबत कुणी होतं? मी प्रामाणिकपणे सांगितलं, दीडदोनशे माणसं होती. बाईंनी चष्मा वर केला. त्यांच्याकडे मोठमोठ्या स्वाऱ्या निघतात म्हणे, तशी काहीतरी परंपरा आमच्या भातशेतीच्या मुलखातही असेल असं त्यांनी धरलं आणि आदरानं काहीतरी टिपून घेतलं. तो आदर पाहून ती माझ्याच लग्नाची वरात होती, हे सांगायचं मी टाळलं.

आठवड्यानं त्यांचं उत्तर आलं. निवड जवळपास पक्की होती. फक्त मैदानातला प्रवास घोड्यावरून होणार असल्यामुळे, सुरक्षेसाठी, मी घोड्यावर चढतो, चालवतो, वळवतो आणि उतरतो आहे असा एक छोटा व्हिडिओ महिनाअखेरपर्यंत पाठवायचा होता.

गोंदिया जिल्ह्यात धान पिकतो, विमान उडवायला शिकवतात, पण घोडा म्हटला की तो लग्नाचाच. आमच्या कॉलेजातल्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी चौकशी काढली आणि मला गोंदियातल्या एका घोडीवाल्याकडे नेलं. घोडी पांढरीशुभ्र होती आणि माझ्याकडे पाहत होती. घोडीवाला तीस वर्षं या धंद्यात. मी विचारलं, तुम्ही मला शिकवाल का?

तो म्हणाला, "मैं कभी बैठा नहीं सरजी. मी लगाम पकडून समोर चालतो."

"तीस वर्षांत एकदाही नाही?"

"माझं लगन सायकलवर झालं."

तरी त्यानं घोडी द्यायचं कबूल केलं. संध्याकाळी वराती असायच्या, म्हणून सकाळची वेळ ठरली. जागा मी निवडली. बिरसीच्या विमानतळाच्या कुंपणापलीकडे कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दूरवर मोकळ्या पडलेल्या होत्या. डोळे थोडे बारीक केले, आणि मधले बांधाचे धुरे दिसले नाहीत असं ठरवलं, की मंगोलिया वाटायला हरकत नव्हती.

पहिल्या सकाळी टेम्पोतून घोडी उतरली. मी सरांच्या घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून तिच्या पाठीवर गेलो. लगाम हलवला, टाच मारली, नाव घेऊन पुकारलं. घोडी उभीच. डोक्यावरून शिकाऊ वैमानिकाचं विमान घरघरत गेलं तरी तिचा कान हलला नाही. फटाक्यांत आयुष्य गेलेलं तिचं.

घोडीवाल्यानं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "बहन नहीं आई?"

मग उलगडा झाला. वरात निघण्याआधी नवरदेवाच्या घरची बाई पदरातून घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारते. ती खाल्ली की घोडी समजते, निघायचं. नाही खाल्ली तर ती समजते, अजून नवरदेव तयार व्हायचाय. माझी बहीण रायपूरला असते आणि मंगोलियासाठी तिला रेल्वेनं बोलवायची माझी हिंमत नव्हती. घोडीवाल्यानं स्वतः डाळ पुढे केली, तर घोडीनं तोंड फिरवलं. मी तिला समजावत राहिलो, इंग्रजीतही बोलून पाहिलं. घोडीवाला म्हणाला, "मेरी घोडी कार नहीं है सरजी, की चाबी लावली आन निघाली." शेवटी आम्ही तिघं, घोडी धरून चौघं, परत आलो.

बायकोला विचारायला मला दोन दिवस लागले. आधी ती हसली. मग म्हणाली, तिला शाळेतल्या पोरांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. मग म्हणाली की बायकोनं नवऱ्याची घोडी चारल्याचं तिनं जन्मात ऐकलं नाही, आणि तिच्या आईला कळलं तर ती काय म्हणेल. मी म्हटलं, डिसेंबरात मला पन्नास होतात. यानंतर ते मला घेणार नाहीत. यावर तिनं उत्तरपत्रिका पुढे ओढल्या. रात्री मात्र ओट्यावर वाटीभर डाळ भिजत घातलेली दिसली.

दुसऱ्या खेपेला सगळं साहित्य होतं. बायको काठाची साडी नेसून आली होती. सरांनी कॉलेजचा ढोल आणला होता, कारण डाळ खाऊन झाल्यावर घोडीला वाजंत्री लागते हेही आता कळलं होतं. बायकोनं पदर पुढे केला, घोडीनं शांतपणे सगळी डाळ खाल्ली. सरांनी ढोल वाजवायला घेतला. पण त्यांना येत होता फक्त सव्वीस जानेवारीच्या संचलनाचा ठेका. घोडी सावधान उभी राहिली. घोडीवाल्यानं टाळ्याला जीभ लावून वरातीचा ठेका शिकवला, सरांनी तो कसाबसा धरला, आणि माझ्याखाली जमीन हलली. घोडी चालायला लागली होती.

काही पावलं गेली आणि ती थांबली.

"आता काय झालं?" मी वरून विचारलं.

घोडीवाला म्हणाला, "नाचनेवाले किधर हैं?"

वरातीतली घोडी पुढे नाचणाऱ्यांसाठी थांबते. ते नाचून सरकले की ती सरकते. पुढे कुणी नाचत नसेल तर तिच्या हिशेबानं अजून नाच सुरूच व्हायचाय. एवढ्यात रस्त्यावरून उन्हाळी धानाच्या कामाला निघालेला एक ट्रॅक्टर आला आणि ढोल ऐकून हळू झाला.

"का गा, कोणाचं लगन होय?" ट्रॅक्टरवाल्यानं सरांना विचारलं.

"सरांचं," सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आन हे बाई कोन?"

"त्यांची बायको."

त्यानं क्षणभर विचार केला आणि इंजिन बंद केलं.

ट्रॉलीतली सगळी मंडळी खाली उतरली. आम्ही समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण मंगोलिया, उन्हाळी शाळा आणि व्हिडिओ यांतलं काहीच त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. ढोल होता, घोडी होती, वर माणूस होता. ते नाचायला लागले. घोडीवाला नाचला. मी वरून पाहिलं तर व्हिडिओ काढायला बायकोकडे दिलेला मोबाइल मोहाच्या झाडाच्या बेचक्यात अडकवलेला आणि ती स्वतः पदर खोचून त्यांच्यात. आमच्या लग्नात ती आत मांडवात बसली होती. वरात तिनं पाहिलीच नव्हती. तिला नाचता येतं हे मला त्या दिवशी, घोडीवरून, कळलं.

घरी येऊन सरांनी व्हिडिओ कापला. नाच काढला, आवाज काढला, खुर्ची काढली. काही पावलं चाललेली घोडी एकामागे एक जोडत दीड मिनिट जमलं. त्यात मी दूर क्षितिजाकडे पाहतोय असं वाटतं. खरं तर मी खाली बघायला घाबरत होतो. बायकोनं तो पाहिला आणि म्हणाली, "हे खोटं नाही. पण खरंबी नाही. मी असती तर पूर्ण धाडला असता. न्यायचं असन तर नेतीन." मी कापलेलाच पाठवला. जागा जायची भीती होती.

चार दिवसांनी प्रमुख बाईंचा फोन आला, तोही व्हिडिओवरच. चेहरा पहिल्यासारखाच गंभीर. त्यांनी एवढंच विचारलं की हा घोडा दर दहा पावलांवर का थांबतो? त्या घोड्यांत वाढल्या होत्या. त्यांनी कापलेली प्रत्येक जागा ओळखली होती.

माझ्याकडे खोटं बोलायला पुरेसं इंग्रजी नव्हतं. मी सांगून टाकलं. लग्न, डाळ, ढोल, ट्रॅक्टर. त्यांनी पूर्ण व्हिडिओ मागवला आणि माझ्यासमोरच लावला. कुणाला तरी हाक मारली. आणखी दोन माणसं पडद्यात आली. पुन्हा लावला. त्या बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं, पण चष्मा मात्र त्यांनी काढून पुसला. मी इकडे खुर्चीत बसून डिसेंबर मोजत होतो. दाराआड बायको उभी होती, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "तुमची घोडी थांबते. आमचे घोडे थांबत नाहीत. मी तुम्हाला घोड्यावर बसू देणार नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही मैदानात ट्रकनं या."

ट्रक म्हणजे तंबू, भांडी आणि स्वयंपाकी घेऊन पुढे जाणारा ट्रक. त्यातून जाणाऱ्यानं घोडेस्वार पोचायच्या आत रोज सगळ्यांसाठी मैद्याच्या पाऱ्या लाटायच्या, खिम्याच्या मोदकांसारखं काहीतरी वळायला. ते कराल तर जागा तुमची, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. मी पुन्हा हो म्हटलं. या वेळी दोनदा.

फोन ठेवून वळलो तर बायको दारात नव्हती. स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचा आवाज येत होता. आत गेलो. तिनं ओट्यावर परात ठेवली होती, परातीत मैदा, शेजारी पाण्याचा तांब्या.

मी विचारलं, "हे कायले?"

"जुलैले किती दिवस राहिले?" ती म्हणाली. "लग्नाला पंचवीस वर्षं होऊन राहिली, एक पोळी लाटली नाही तुमी. तिथं त्या बाईसमोर आमच्या गोंदियाचं नाव घालवाल."

मी बाह्या वर केल्या आणि पाणी ओतलं. जरा जास्तच ओतलं असावं. परातीत जे झालं ते दोन्ही हातांना कोपरापर्यंत चिकटलं. बायको भिंतीला टेकून पाहत उभी होती. मदतीला ती काही आली नाही, आणि तोंड मात्र पदरात लपवलं होतं.