गालाखालच्या तिरक्या रेघा

बाबांवर कॉमिक काढायला घेतल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. गोष्ट झकास आहे. बाबा रेल्वेत होते, इथल्याच गुढियारी वस्तीच्या बाजूच्या यार्डात. एकदा तिथे मालगाडीचा डबा सुटून घरंगळत निघाला आणि बाबांनी धावत जाऊन चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारून तो थांबवला. यात हिरो कोण, हे विचारायची गरजच नाही. पण माझ्या कागदावर आले की बाबा गुंड होतात.

खोड हाताची आहे. लहानपणी रद्दीवाल्याकडची हिंदी कॉमिक्स समोर ठेवून मी चित्रं गिरवत बसायची. शाळेचा अभ्यास विसरले, ते मात्र हाडात मुरलं. त्या चित्रकारांनीही कुणाचं तरी गिरवलेलंच असणार. हिरोचा चेहरा कोरा, दोन भुवया आणि भक्कम जबडा, झालं काम. काळा माणूस दाखवायचा तर गालाखाली, डोळ्यांभोवती दाट तिरक्या रेघा. आणि त्या रेघा फक्त गुंडांच्याच वाट्याला यायच्या. बाबा काळे आहेत, मीही. रेघा ओढल्या की बाबा डबा अडवायला नाही, लुटायला निघाल्यासारखे दिसतात. पुसल्या की ते दुसऱ्याच कुणाचे तरी बाबा होतात. ब्रशने सपाट करडा रंग देऊन पाहिला, तर नाकच हरवलं. मी कागद टराटरा फाडते, नवा घेते, आणि परत त्याच रेघा. स्वतःचाच हात ऐकत नाही म्हणजे काय! रडायला येतं नुसतं.

काल सकाळी बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. सगळी पानं नीट पाहिली. मला वाटलं, आता चिडतील. चिडायलाच हवं होतं.

"मस्त हाय," ते म्हणाले. मग जरा संकोचून, "फक्त मले जराक गोरा करून टाक न, बाई."

"काहून? तुम्ही गोरे हाय का?" मी उसळलेच.

"अवं, लोकाइले समजलं पायजे न, हिरो कोन हाय ते."

"तुम्हीच हाय हिरो!"

ते हसले. "काळा हिरो पाह्यला का तू कधी? दाखव बरं एखादा."

जुनी कॉमिक्स अजून कपाटात आहेत. मी तावातावाने उठले, दार उघडलं आणि गठ्ठ्यावर हात ठेवून तशीच उभी राहिले. त्यातलं पान न् पान मला पाठ आहे. बाबांना दाखवावी अशी एकही चौकट त्यात नव्हती.