पुढे बसलेला माणूस

गिरगावच्या समुद्रातली ती रिकामी बोट निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही.

सकाळी फिरायला आलेल्या लोकांनी आमच्या पोलीस ठाण्यात फोन केला. चौपाटीसमोर एक छोटी फायबरची बोट गोल गोल फिरत होती. मशीन चालू, आत कोणी नाही. आमची गस्ती बोट पोहोचली तोवर पेट्रोल संपून ती थांबली होती.

बोट लालबागच्या दोन भावांची निघाली. सुट्टीला दोघं हौसेने गळ टाकायला जात. थोरला बेपत्ता होता. धाकटा ठाण्यात येऊन म्हणाला, "दादा एकटाच गेलेला, साहेब. मी घरी झोपलेलो."

पंचनाम्याच्या वेळी मी बोटीच्या मागे टांगलेलं मशीन पाहिलं. माझं लहानपण मालवणच्या किनाऱ्यावर गेलेलं. मशीनची उंची बरोबर होती. पण त्याचा कल ठरवणारी खीळ सगळ्यात बाहेरच्या भोकात होती. एकटा माणूस मागे बसला की बोटीचं पुढचं टोक वर उचलतं, म्हणून तो खीळ आतल्या भोकात घालतो. पुढे कोणी बसणार असेल तरच ती बाहेर जाते.

दुपारी खबर मिळाली. पहाटे एक माणूस निथळत्या कपड्यांनी चर्नी रोडकडे जाताना चौपाटीवरच झोपणाऱ्या एका भेळवाल्याने पाहिला होता. वर्णन धाकट्याचं. चौकशीत त्याने एकच धोशा लावला, "मी नव्हतोच."

शेवटी मी त्याला त्याच बोटीत बसवलं. खीळ होती तशीच ठेवली. तो मागे मशीनवर, मी मधल्या फळीवर. पंच गस्ती बोटीत. वेग घेताच पुढचं टोक उचललं आणि आपटू लागलं. तो वैतागून ओरडला,

"दादा, पुढं सरक ना जरा!"

पुढची फळी रिकामी होती. आणि त्याच क्षणी पुढचं टोक खाली बसलं. बोट सरळ, शांत पळू लागली. लाट असेल. पंचनाम्यात मी ते लिहिलं नाही.

त्याच्या हातातून मशीन वळवायचा दांडा सुटला आणि बोट गर्रकन वळली. मी झेप घेऊन मशीन बंद केलं.

"अशीच वळली होती," तो म्हणाला. "दादा बोट विकायची म्हणत होता. भांडणात मी रागाने दांडा फिरवला. दोघंही पडलो. मी पोहत बाहेर आलो."

हेच त्याने पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं. प्रेत वरळीकडच्या खडकांत सापडलं. मृत्यू बुडून. अंगावर जखम नव्हती.

माणूस जबाब घोकून येतो, पण जन्म ज्याच्यासोबत काढला त्याला हाक मारायची सवय लपवता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. शिक्षा झाल्यावर त्याला नेताना त्याने मला थांबवलं.

"साहेब, दादा माझ्यापेक्षा भारी पोहायचा. मग तो वर का नाही आला?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला विचारलेल्या प्रश्नांपैकी याच एकाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.