आईच्या भांगातली कोवळी लव

टायफॉइडमधून आई उठली आणि दोन-तीन महिन्यांनी तिचे केस गळायला लागले. आधी फणीत दिसायचे, मग उशीवर, मग न्हाणीच्या जाळीत. मी तेव्हा दहावीत होते. आम्ही अंबरनाथला राहायचो. पप्पा आनंदनगरच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि आई उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला. तिथे कपड्याचा भुसा उडतो म्हणून ती डोक्याला रुमाल बांधायची. आता तो रुमाल घरातही सुटेना.

"काढ ना आई, किती घाम आलाय."

"राहू दे गं. सवय झालीय."

एका रविवारी न्हाणीत पाणी तुंबलं. मी जाळी उचलली तर खालून केसांचा ओला गोळा निघाला, मुठीएवढा. तो घेऊन मी बाहेर आले. आई पटकन म्हणाली, "टाक तो. पप्पांना दाखवू नको." पण पप्पा दारातच उभे होते. त्यांनी तो गोळा पाहिला. शर्ट चढवला आणि म्हणाले, "चल दवाखान्यात."

डॉक्टरबाईंनी आईची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "तेल कोणतं लावू?"

"तेल कुठलंही लावा. आधी सांगा, जेवता काय?"

"जेवते की."

"काल संध्याकाळी काय जेवलात?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला आठवेना. माझं ताट आठवत होतं, पप्पांचं आठवत होतं. तिचं ताट डोळ्यांसमोर येईचना. आमचं झालं की ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच पातेल्यातलं उरलेलं चपातीने पुसून खायची आणि वर चहा प्यायची. इतकी वर्षं ते आम्हाला दिसत होतं आणि आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

"रक्त फार कमी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात टायफॉइड झाला. शरीरही तुमच्यासारखंच असतं बघा, आधी सगळ्यांना वाढतं आणि उरलं तर केसांना देतं. पोटभर जेवा. पालेभाजी, डाळ, अंडी. वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको. गोळ्या देते, त्या बंद करू नका. मुळं जिवंत आहेत, केस येतील."

त्या दिवशी पप्पांनी जमिनीवर तीन ताटं मांडली.

"बस."

"अहो, चपात्या व्हायच्यात अजून."

"झाल्यात तेवढ्या वाटून खाऊ. बस तू."

पळीला कधी हात न लावलेल्या माणसाने आईच्या ताटात डाळ वाढली, तीही सांडत. आई अवघडून बसली, पाहुणीसारखी. पहिला घास तिने आमच्याकडे न बघताच घेतला.

सुट्टीच्या दिवशी पप्पा बदलापूरला जाऊन शेवग्याचा पाला आणायला लागले. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरच्या बायका तो स्टेशनबाहेर विकायला बसायच्या. त्यांतल्या एकीने सांगितलं, "फुलं पण ने भाऊ, अंड्यात लय बेस लागतात." तशी भुर्जी आमच्याकडे व्हायला लागली. कधी मटकी, कधी कलेजी, कधी नाचणीची भाकरी. रविवारी मी खोबरेल कोमट करून बोटांच्या टोकांनी आईच्या डोक्याला चोळायचे. नंतर शिकेकाईने न्हाणं. ओल्या केसांना फणी लावायची नाही, आणि लावायची तर मोठ्या दातांची.

कित्येक आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. उलट गळतच होते. "गेले ते गेले," आई म्हणायची, "पण अंगात ताकद आलीय हं. जिना चढताना धाप लागत नाही."

मग थंडीतल्या एका सकाळी गॅलरीत ऊन आलं होतं. आई पाटावर बसली होती. मी भांग पाडला आणि माझा हात थांबला. भांगाच्या दोन्ही कडांना काहीतरी उभं होतं. वाकून पाहिलं. रेशमापेक्षा बारीक, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड केस, सगळे ताठ उभे, उन्हात तांबूस चमकत होते. कपाळावर होते, कानांमागे होते. जिथे त्वचा दिसायची तिथे सगळीकडे होते. मी फुंकर मारली तर सगळी लव एकदम लवली आणि पुन्हा उभी राहिली.

"काय गं? काय झालं?" आई घाबरली.

"आई, उगवलेत."

पप्पा चष्मा लावून आले. गुडघे टेकून बसले आणि किती तरी वेळ नुसते बघत राहिले. मग एक बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "हे सगळं आतून आलं?"

आईने हात वर नेऊन स्वतःच चाचपून पाहिलं. तळहाताला त्या लवेने गुदगुल्या होत होत्या म्हणे. ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर वर्षभराहून जास्त गेलं. केस पहिल्याइतके लांब झाले नाहीत, पण दाट आले. बुद्धपौर्णिमेला विहारात जायला आई पांढरी साडी नेसली आणि न्हाऊन ओले केस वाळवायला गॅलरीत उभी राहिली. रुमाल नाही, अंबाडा नाही, काळेभोर केस पाठभर पसरलेले. मी खोलीतून पाहत होते. आई तेव्हा चाळिशीचीही नव्हती, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.