ईशान्येचं धुराडं

सासूबाईंना आमच्या घरातलं धुराडं पहिल्याच व्हिडिओ कॉलमध्ये खुपलं. इंग्लंडात मेडनहेडजवळच्या गावातलं हे जुनं विटांचं घर आम्ही नुकतंच घेतलं होतं आणि नवरा टॅबलेट फिरवत त्यांना एकेक खोली दाखवत होता. बैठकीच्या खोलीतली फायरप्लेस दिसताच त्या म्हणाल्या, "थांब. दिशा बघ." फोनमधल्या होकायंत्राने ईशान्य दाखवली. पाण्याच्या कोपऱ्यात अग्नी! मग घरात पाळणा हलणार कसा, असं त्यांनी पुण्यात बसून जाहीर केलं.

पाळणा का हलत नव्हता ते आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. नॉटिंगहॅमला राहत असताना तपासण्या झाल्या होत्या. माझ्यात काही दोष नव्हता, त्याच्यात होता. दवाखान्याबाहेर गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आईला सांगू नकोस, ती खचेल." मी मूग गिळून बसले. तेव्हापासून सासरच्या प्रत्येक लग्नामुंजीत बायका माझ्याकडे बघून उसासे टाकतात, आणि तो शेजारी उभा राहून जिलेबी खातो.

घर जुन्या वास्तूंच्या संरक्षित यादीतलं होतं. खरेदीच्या वेळी वकिलाने बजावलं होतं की आतल्या गोष्टीसुद्धा गावच्या कारभार बघणाऱ्या कौन्सिलच्या परवानगीशिवाय पाडायच्या नाहीत. पाडल्या तर तो सरळ गुन्हा. नवऱ्याने मान डोलावली. रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारा माणूस तो. पण आईचा शब्द म्हटला की त्याला कायदा दिसत नाही. बँक हॉलिडेला, सगळी ऑफिसं बंद असताना, त्याने व्हॅनवाली दोन माणसं आणली. "कोण बघतंय?" म्हणाला. फायरप्लेस गेली, वरचं धुराडंही गेलं, कारण सासूबाईंनी मुळापासून काढायला सांगितलं होतं. छपरावर जिथे ते होतं तिथे निळी ताडपत्री फडफडू लागली. कोण बघतंय म्हणे! सगळं गाव बघत होतं.

आम्ही राहायला आलो तेव्हा घरचा सफरचंदाचा जॅम घेऊन आलेल्या शेजारच्या म्हाताऱ्यानेच कौन्सिलला फोन केला. मला कुंपणापाशी गाठून त्याने तसं सांगितलंही, वर "नथिंग पर्सनल" म्हणून हसला. जॅमची रिकामी बाटली परत मागायलाही तो विसरला नाही.

कौन्सिलची बाई चौकशीला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी भांडी घासत होते. नवरा मागे येऊन उभा राहिला.

"हे बघ, माझं सिटिझनशिपचं अप्लिकेशन प्रोसेसमध्ये आहे. आता क्रिमिनल केस म्हणजे सगळं संपलं. तू सांग, की तुझं डिसिजन होतं."

"आणि माझं अप्लिकेशन?"

"तुझं नंतर टाकू. काय घाई आहे?" मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुला तशीही ऐकून घ्यायची सवय आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी नळ बंद केला आणि हात पुसले. तो पुढे बोलतच होता: आईला कौन्सिलचं यातलं काही कळता कामा नये, तिचं बीपी आहे.

बाई आल्या. अंगावर रेनकोट, बोलणं मऊ. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या भगदाडासमोर त्या उभ्या राहिल्या, दुःखाच्या घरी भेटायला गेल्यासारख्या. मग स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या आणि पाडायचा निर्णय कुणाचा होता, असं त्यांनी विचारलं.

"माय वाइफ," नवरा म्हणाला. "शी फेल्ट व्हेरी स्ट्राँगली अबाउट इट."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात टॅबलेट वाजला. सासूबाईंची रोजची वेळ. मी काय शिजवते ते त्या तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या टॅबलेटमधून बघतात. नवरा मानेनेच नको नको म्हणत होता. मी कॉल घेतला.

"आई, इथल्या एक मॅडम आल्यात. विचारतायत, धुराडं पाडायला कुणी सांगितलं?"

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. गोरी बाई दिसताच त्यांनी पदर सारखा केला.

"आय टोल्ड, मॅडम. ओन्ली मी. अँड माय सन ओबेड इमीजिएटली. सच बॉइज यू विल नॉट गेट इन युअर कंट्री."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाई लिहून घेत होत्या. मला इतका आनंद झाला की त्याची आजही लाज वाटत नाही.

सासूबाईंना कुणीतरी मन लावून ऐकतंय म्हटल्यावर चेव आला. "इट इज फॉर चाइल्ड," त्या म्हणाल्या. "बिकॉज डिफेक्ट इज देअर इन माय डॉटर-इन-लॉ."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी दयेने माझ्याकडे पाहिलं. शिव्या परवडल्या, पण ती दया मला सोसवेना. मी टॅबलेट उचलला आणि नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"तू सांगतोस, का मी सांगू?"

"प्लीज," तो म्हणाला. "आत्ता नको."

"काय रे, काय झालं?" पुण्याहून आवाज आला.

त्याने चहाच्या कपात पाहिलं. त्याची आई वाट बघत होती, बाईही वाट बघत होत्या. मग मीच सांगितलं, आणि तेही इंग्रजीत, म्हणजे दोघींनाही एकदमच कळावं.