कार्डावरची दुसरी चूल

कौसाबाईनं रॉकेलचा रिकामा डबा सरळ माझ्या टेबलावर ठेवला. खालच्या फायलीवर गोल डाग पडला. मी चिडलो.

"साहेब, दुकानदार रॉकेल देऊन न्हाई राह्यला. म्हणतो, कार्डावर शिक्का हाये."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जाफ्राबाद तालुक्यात मी पुरवठा निरीक्षक होतो, म्हणजे रेशन दुकानांवर लक्ष ठेवणारा माणूस. सरकार रॉकेलवर सूट द्यायचं आणि गॅसवरही, पण एका कार्डाला दोन्ही नाही. गॅस घेतला की एजन्सीवाला रेशनकार्डावर शिक्का मारायचा. त्या घराचं रॉकेल बंद.

"मग गॅस घेतलाच कशाला?"

"म्या कुठं घेतला? सुनंच्या बापानं लग्नात देल्ता. रुखवतात मांडला, सगळ्या टेंभुर्णीनं पाह्यला. कार्ड मागितलं, आम्ही देल्लं. शिक्क्याचं कोणाला ठावं?"

पहिली टाकी दोन महिन्यांत संपली. भरायची तर जालन्याला जा. एसटीत टाकी घेत नाहीत, जीपवाला वेगळे पैसे मागतो, आणि टाकीचे पैसे एकरकमी. रॉकेल मजुरीच्या पैशातून लिटर-लिटर आणता येतं. टाकी लिटरभर मिळत नाही. ही साधी गोष्ट नियम करणाऱ्यांना सुचली नव्हती आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही नाही.

तिच्या नवऱ्याला दमा होता. चुलीचा धूर चालत नव्हता, म्हणून घरातला सगळा स्वयंपाक स्टोव्हवर. आता रॉकेल काळ्या बाजारातून, तिप्पट भावानं. संपलं की पुन्हा चूल.

"खोकून खोकून माणूस निळा पडतो साहेब. एवढं रॉकेल चालू करा."

मी नायब तहसीलदारांकडे गेलो. "शिक्का खोडता येईल का, सर?"

"ऑडिटला तू उभा राहशील?" ते खेकसले. "विभक्त कार्ड काढ. शिक्का राहू दे पोराच्या कार्डावर. म्हातारा-म्हातारीला नवं, कोरं."

विभक्त कार्ड म्हणजे कुटुंब वेगळं झाल्याचा कागद. त्यासाठी निरीक्षकानं घरी जाऊन दोन चुली बघायच्या आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे. मला ही युक्ती भलतीच आवडली. कौसाबाईला मीच पढवलं. "मी येईन त्या दिवशी दोन चुली दिसल्या पाहिजेत. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा."

"मंग नुसतं कागदावरच ना साहेब?"

"बिलकुल."

आठवड्यानं गेलो. दोन खोल्यांच्या मधल्या दारात गोणपाट टांगलेलं. पलीकडं मातीची नवी चूल, अजून ओली. सून मंगल डोळे पुसत होती. मला वाटलं, धुरानं. चूल पेटलेलीच नव्हती, हे बाहेर आल्यावर ध्यानात आलं.

शेजाऱ्यांनी पढवल्याप्रमाणं जबाब दिला, "सासू-सुनंचं पटत न्हाई, वेगळ्या ऱ्हातेत." सह्या झाल्या. मी अहवालात लिहिलं, 'चुली वेगळ्या आढळल्या.' महिन्यात कार्ड निघालं. मी खूश होतो.

पुढच्या वर्षी दुकान तपासणीला टेंभुर्णीत गेलो, तेव्हा तिच्या घरीही डोकावलो. म्हातारा बाजेवर होता. स्टोव्हवर चहा चढला. पोरगा आणि मंगल कुठं दिसेनात.

शेजाऱ्यांचा तो जबाब मंगलच्या माहेरी पोचला होता, पण खरा म्हणून. बाप तणतणत आला, पोरीला आणि टाकीला घेऊन गेला. कौसाबाईनं कागदाचं खूप सांगितलं. तो म्हणाला, सरकारी माणसानं लिहून नेलंय, ते खोटं कसं? पोरगा महिनाभर घुटमळला आणि बायकोला घेऊन अंकुशनगरला कारखान्याच्या कामावर गेला. तेव्हापासून निरोप नाही.

मला खाली बघवेना, वर बघवेना.

"रॉकेल मिळतं का?" मी विचारलं.

"मिळतं ना. बराबर मिळतं."

मधलं गोणपाट तसंच लोंबत होतं. पलीकडची चूल नुकतीच सारवलेली. न पेटवलेली, स्वच्छ.

"आता हे कशाला ठेवलंय?"

"तपासणीला कोणी आलं तर?" ती म्हणाली आणि कप माझ्यापुढं सरकवला.

पुढं निवृत्त होईस्तोवर विभक्त कार्डाचा अर्ज आला, की मी आधी विचारायचो, भांडण खरं आहे ना? लोक हसायचे. खरं नसेल तर मी अर्ज परत करायचो.