अंगण मोकळं आहे का?

माझ्या आतोबांइतका सांगूनसवरून जगणारा माणूस कल्याणच्या पलीकडे तरी दुसरा झाला नसेल. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात वायरलेसवर होते. लढाई संपली, लष्कराच्या रिकाम्या बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले, त्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण आतोबांचं वायरलेस काही सुटलं नाही. दर रविवारी मुंबईला जाऊन ते एका मित्राच्या दोन माणसांच्या चिमुकल्या विमानात बसत आणि भंगारातून आणलेल्या लष्करी रेडिओवर आपण किती उंचावर आहोत, कुठे वळतो आहोत, हे आसपासच्या विमानांना कळवत. आसपासच्या विमानांत बहुधा रेडिओच नसे. "नसू दे! ऐकणारा असो-नसो, आपण कुठे आहोत ते सांगावं. नाहीतर टक्कर होते," असं त्यांचं म्हणणं. या एका रविवारच्या जोरावर ते उरलेला आठवडा ढकलत.

हेच कर्तव्य ते आमच्या अंबरनाथच्या जमिनीवरही इमानेइतबारे पार पाडत. बुवापाड्याचं वळण आलं की सायकलची घंटी न वाजवता खणखणीत आवाजात पुकारत, "काळी सायकल, एक माणूस, एक भोपळा, डावीकडे वळतो आहे!" घरातही तेच. "न्हाणीघर सोडलं, अंग ओलं आहे, माजघराकडे निघालो!" त्यामुळे आमच्याकडच्या पाहुण्या बायका वेळेवर तोंड फिरवत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी फाटकाशी एक पाय टेकून ते विचारत, "उतरतो आहे, अंगण मोकळं आहे का?" आत्याने कधी उत्तर दिलं नाही. "मी काय विमानतळ आहे?" म्हणत ती पोळ्या लाटत राही.

एकदा सोनिवलीच्या रस्त्यावर अशीच रीतसर वर्दी देऊन आतोबा भर दुपारी थेट एका म्हशीवर जाऊन आदळले. "मी तीनदा सांगितलं होतं!" ते चिखलातून म्हणाले. म्हशीवाला म्हणाला, "सायेब, तिला तुमची भाषा कलत नाय. पन तुमाला तर म्हस दिसते ना?"

घरी आम्ही पोट धरधरून हसलो. आतोबा हसले नाहीत. चार दिवसांनी मला घेऊन गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. नजर झपाट्याने चालली आहे, विमान बंद, सायकलही बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला फार वाईट वाटलं आणि आपल्या हसण्याची लाजही वाटली.

परतताना स्टेशनवरून आम्ही चालत आलो. उल्हासनगरच्या कॅम्प चारहून पापड विकायला येणारा सिंधी शेठ वळणावर आतोबांवर आदळता आदळता वाचला आणि काळजीने म्हणाला, "साईं, आज रेडियो बंद है क्या?" फाटकाशी आतोबा नुसतेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने आतला लाटण्याचा आवाज थांबला आणि पिठाच्या हातांनी आत्या बाहेर आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"अंगण मोकळं आहे," ती म्हणाली. "कुठवर आलात?"

आतोबांनी कळवलं, "फाटकापाशी. एक माणूस. सायकल नाही."

"मग उतरा. पुढे दोन पायऱ्या आहेत."

पुढे ते होते तोवर आत्याने एकाही संध्याकाळी उत्तर चुकवलं नाही. आता त्या फाटकातून मी मुकाट्याने आत जातो, आणि दर वेळी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.