गोरज मुहूर्त आणि साडेपाचची गाडी

माझे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. कोल्हापुराहून उचगावकडे जाणाऱ्या वाटेला रूळ आडवे जातात, तिथे. रुळांना लागून दगडी चौकी, आत एकच खोली, पुढे पत्र्याची पडवी. मी त्या खोलीत वाढले आणि तिथूनच माझं लग्न झालं. त्या लग्नाची गोष्ट सासरी आल्यागेल्याला कितीदा तरी सांगितली गेली. प्रत्येक वेळी मी चुलीपुढे मान घालून लाकडं सारत बसले. माझ्या तोंडून ती कधी निघाली नाही, निघणारही नाही. म्हणून लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही.

आमच्या आज्याच्या तरुणपणी इथे रूळ नव्हते. मिरजेला जायचं तर बैल जुंपायचे, आणि वाटेत कुठेतरी झाडाखाली भाकरी सोडायची. पहिलं इंजिन आलं तेव्हा आज्यानं त्याला नारळ फोडला होता आणि आजीनं लांबूनच हळदकुंकू उडवलं होतं, असं आबा सांगायचे. वडलांना आम्ही आबा म्हणत असू. आज्याची जमीन थोडी, मुलं फार, म्हणून आबा रेल्वेत लागले. त्यांना निळा कोट मिळाला, पितळेच्या बटणांचा. एक तांबडा बावटा, एक हिरवा बावटा, आणि हातकंदील. गाडी यायच्या आधी फाटकाचा दांडा पाडायचा, ती जाईपर्यंत उचलायचा नाही, आणि वाट मोकळी आहे हे कळायला डायवरला हिरवा बावटा दाखवायचा. बावटा दिसला नाही तर डायवर गाडी उभी करी, आणि मग आबांची नोकरी उभी राहत नसे.

आबांना त्या कोटाचा अभिमान होता. मला त्या घराची लाज वाटायची. गाडीतली माणसं आमच्या घरात बघत. केस विंचरत असले, भाकरी थापत असले, धुणं वाळत घालत असले, की खिडक्या भरून डोकी येत आणि मला बघून जात. कुणी काही बोललं तरी उत्तर देईपर्यंत गाडी पुढे गेलेली असे. शिट्टी ऐकली की मी दारामागे जाऊन उभी राहायची. तरीही लहान असताना आबा जेवायला बसले की बावटा मीच दाखवायची, कारण आईला दांडा धरावा लागे. मी शहाणी झाले तेव्हा आईनं ते बंद केलं. त्याचा मला फार आनंद झाला होता.

आता वेळेचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळी कोल्हापुरात दोन वेळा होत्या. गावातली घड्याळं गावच्या सूर्याप्रमाणे चालत. रेल्वेची घड्याळं सगळ्या देशाला मिळून एक, आणि ती गावच्या पुढे असत, अर्धा तास म्हणा. ज्यांना गाडी धरायची ती माणसं ते जाणून असत आणि लवकर घरून निघत. बाकीच्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आबांकडे घड्याळ नव्हतं. गाडी हेच त्यांचं घड्याळ. उन्हं कुठेही असोत, मिरजेहून संध्याकाळची गाडी आली की आबांचे साडेपाच वाजत. दुसरे साडेपाच जगात असतील हे ते विसरून गेले होते.

माझं लग्न ठरलं ते पेठेतल्या घरात. माणसं खाऊनपिऊन बरी, तोंडानं कडक. लग्न मार्गशीर्षातलं, मुहूर्त गोरज. मांडव आमच्या चौकीमागच्या शेतात, म्हणजे रुळांच्या उचगावच्या अंगाला. वऱ्हाड येणार कोल्हापूरच्या अंगानं. आबांनी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, साडेपाचला गाडी जाते, तुम्ही पाचाच्या आत या, म्हणजे फाटक उघडं मिळेल, शिवेवर ओवाळून निवांत मांडवात येता येईल. त्या दिवशी आबांच्या जागी दुसरा माणूस द्यायचं कबूल झालं होतं. तो आलाच नाही. आबांनी लग्नाच्या धोतरावर निळा कोट चढवला आणि फाटकावर जाऊन उभे राहिले. आई रडली. मला तर वाटलं, या कोटातच माझं कन्यादान होणार.

मी चौकीत बसले होते. पिवळं लुगडं, मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा. सोबत आत्ती, आबांची थोरली बहीण. दार लोटलेलं होतं, पण फटीतून फाटक दिसत होतं.

आबांनी रोजच्या सवयीच्या अंदाजानं, गाडीच्या वेळेला दांडा पाडला. वऱ्हाड अजून आलं नव्हतं, म्हणून ते सारखे वाटेकडे बघत होते. दांडा पडला आणि लगेच वाजंत्री ऐकू आली. पुढे वाजवणारे, मागे घोड्यावर नवरा, त्याच्या मागे बैलगाड्या. सगळं येऊन दांड्याला थटलं.

नवऱ्याच्या चुलत्यांकडे साखळीचं घड्याळ होतं. ते पुढे झाले.

“काय पावणं, फाटक उघडा की.”

“गाडी यायची हाय,” आबा म्हणाले.

“पाचाच्या आत या म्हणून तुमीच सांगिटलंत न्हवं? हे बघा. अजून पाचाला काटा लागला न्हाय.”

“आमच्यात साडेपाच झालं.”

“तुमच्यात म्हंजी? पाच काय घरोघरी निराळं असत्यात व्हय?”

“रेल्वेचं निराळं असत्यात.”

“मग लगीन बी रेल्वेसंगं लावायचं हुतं की.”

वऱ्हाड हसलं. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी रुळांकडे बघितलं. मी आत्तीच्या खांद्यात तोंड लपवलं.

गाडी आत्ता येईल, मग येईल, असं करता करता येईनाच. त्या दिवशी तिलाही उशीर झाला होता. कुणी म्हणालं, नवऱ्याला दांड्याखालून चालत आणा, घोडं मागनं येऊ द्या. त्यावर एक म्हातारी बैलगाडीतून ओरडली, “बाशिंग बांधलेल्या पोरानं वाकून यायचं? आमच्यात पोरीचा बा वाकतो.” मग कुणी तो विषय काढला नाही. नवरा घोड्यावर बसून होता. बाशिंगामुळे त्याचं तोंड काही दिसत नव्हतं.

एवढ्यात गावची गुरं माळावरून परतली आणि वऱ्हाडाच्या मागे येऊन अडली. गाईंना लग्नाचं काय. त्या शिंगं हलवत गाड्यांमधून पुढे घुसायला लागल्या. पाहुण्यांची धोतरं शेणानं भरली. बायका पाय वर घेऊन बसल्या. सूर्य झाडांच्या खाली गेला आणि नंतर दिसेनासा झाला.

चुलत्यांनी घड्याळ खिशात टाकलं. “मुहूर्त गेला,” म्हणाले. “दांड्याला तोंड लावून उभं राह्यला आलो न्हाय आमी. घोडं फिरवा.”

ते शब्द मी ऐकले. दारातून वऱ्हाड परत गेलेल्या मुलीचं काय होतं ते मला ठाऊक होतं. तिला नंतर कुणी विचारत नाही. आमच्या घराला तर खिडक्या भरून माणसं रोज बघायची. मी त्यांच्यापुढे तशीच म्हातारी होणार, असं मला वाटलं. आबांनी एका हातानं दांडा उचलला असता तर सगळं मिटलं असतं. मी मनात देवाला नाही, आबांना विनवत होते. आबांचा हात दांड्यावरच होता, पण तो खाली दाबून धरायला.

आत्ती उठली, दारात गेली आणि मांडवापाशी उभ्या असलेल्या भटजींना मोठ्यानं विचारलं, “अवो भटजी, गोरज कशाला म्हंत्यात?”

भटजी गोंधळले. “गुरं घरी येताना धूळ उडते, ती वेळ.”

“आन गुरं कुठं हायत?”

भटजींनी फाटकाकडे बघितलं. “फाटकात.”

“मग घरला आली न्हाईत न्हवं अजून?”

भटजींनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, “तसं बघितलं तर नाहीत.”

“ऐकलं का पावणं,” आत्ती पलीकडे ओरडली, “गुरं आल्याबिगार आमच्यात गोरज हुईत न्हाय.”

तिकडे काहीजण हसले. चुलते हसले नाहीत, त्यांनी घोड्याचा लगाम कोल्हापूरकडे वळवायला घेतला. आणि तेव्हाच गाडीची शिट्टी झाली.

त्या घोड्यानं इंजिन कधी बघितलं नसावं. तो दोन पायांवर उभा राहिला आणि दांड्यावर आला. आबा वाकून दांड्याखालून पलीकडे गेले आणि लगामाला लोंबकळले. घोडा त्यांना ओढत होता. बावटा मघाशी दांड्याकडे जाताना कोटाच्या खिशातून खाली, रुळांच्या अलीकडे, आमच्या बाजूला पडला होता. आबांनी मान वळवून चौकीकडे बघितलं.

“पोरी, बावटा.”

एवढंच म्हणाले. मला ते रोजच्यासारखंच ऐकू आलं, लहानपणी जेवता जेवता म्हणायचे तसं. मी उठले. आत्तीनं माझा पदर धरला, तो सुटला. मी बाहेर गेले, बावटा उचलला आणि जिथे उभं राहायचं तिथे जाऊन उभी राहिले.

अंतरपाटाआधी नवरी नवऱ्याला दिसत नाही. मी सगळ्या वऱ्हाडाला दिसले. हळद लावलेली, मुंडावळ्या बांधलेली, हात लांब करून हिरवा बावटा धरलेली. पलीकडून एक बाई म्हणाली, “बघा तरी, नवरीच बावटा दावतीया.” मग इंजिन आलं. डायवरनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम एक लांब शिट्टी मारली. वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडाला. एका हातात बावटा, तो खाली करायचा नाही. दुसऱ्या हातानं पदर काही सापडेना. डब्यामागून डबे गेले, आणि प्रत्येक खिडकीत तोंडं. कुणी हात हलवला. कुणी काहीतरी ओरडलं, ते चाकांत गेलं. मला वाटलं, ही गाडी कधी संपूच नये, कारण तिच्या पलीकडे वऱ्हाड होतं.

शेवटचा डबा गेला आणि समोर नवरा. बाशिंग एका बाजूला सरकलं होतं, त्यामुळे तोंड दिसलं. तो माझ्याकडे बघत होता. माझा हात अजून वरच होता. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

आबांनी दांडा उचलला. चुलते पुन्हा लगाम धरून म्हणत होते, “आता काय उपेग, फिरवा.” पण नवऱ्यानं लगाम त्यांच्या हातातून काढून घेतला आणि घोडा पुढे घातला. गुरं त्याच्या दोन्ही बाजूंनी फाटकातून आत शिरली. एवढी धूळ उडाली की वाजंत्री वाजवणारे खोकायला लागले. शिवेवरचं ओवाळणं राहूनच गेलं. भटजींनी त्या धुळीतच मंगलाष्टकं म्हटली, आणि आबा कोट काढायचा विसरले तो विसरलेच.

सासरी माझं नाव बावटेवाली पडलं. मी भाकरी करायला घेतली की सासूबाई विचारायच्या, “कवा हुतील? तुझ्या बाच्या घड्याळात का आमच्या?” पाहुण्यांपुढे गोष्ट रंगली की जाऊबाई उलथनं हातात धरून मी कशी उभी होते ते करून दाखवायच्या. त्यांच्या सोंगात पदर उडायचा भाग सगळ्यांना फार आवडे. मी हसत नसे, रडतही नसे. कानशिलं गरम होत, तेवढंच.

माझ्या घरधन्यांनी मला या गोष्टीवरून कधी छेडलं नाही. एकदाच, लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी, मी परसात पाणी शेंदत होते तेव्हा ते आडापाशी आले.

“चुलता घोडं फिरवत हुता,” म्हणाले. “तू बावटा धरून उभी. मला वाटलं, मलाच दावतीयास.”

मी दोर तसाच धरून राहिले.

“मग काय, आलो,” म्हणाले, आणि गेले.

माणूस चांगला म्हणूनच तसं बोलला. पण त्या दिवशी मला जास्तच लाज वाटली. गाडीला दाखवलेला बावटा त्यांनी आपल्याला समजला, आणि नाही म्हणायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. खरं तर मी कुणाला दाखवत होते, हे गाडी गेल्यावर माझं मलाच सांगता येत नाही. हात वरच राहिला होता, हे तर सगळ्यांनी बघितलं.

आता गावातही रेल्वेचीच वेळ धरायला लागले आहेत. पाच सगळीकडे एकच. सासूबाई थकल्या, त्यांना ती थट्टा आठवत नाही, आणि नव्या सुनांना सांगितली तरी त्यात हसण्यासारखं काय ते कळत नाही. मला मात्र अजून सगळं कळतं.

परवा भाचीच्या बारशाला मिरजेला गेले. बायकांच्या डब्यात खिडकीची जागा मिळाली होती. आबांच्या फाटकावर आता दुसराच माणूस आहे. तो हिरवा बावटा धरून उभा होता आणि चौकीच्या दारात एक मुलगी केस विंचरत होती. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

शेजारची बाई हसली. “कुणाला लाजतीयास बाई? फाटकवाल्याला?”

“व्हय,” मी म्हणाले, आणि फाटक मागे जाईपर्यंत पदर तसाच धरून बसले.